परदेशीं करमत नाहीं तेव्हां

'करमत नाहीं' हा आपल्या बोलण्यांतील मोठा मार्मिक प्रयोग आहे. "मला येथें करमत नाहीं" असें म्हणतांना माणूस कोणावर ठपका ठेवीत नाहीं, आणि आपण कांहीं करीत आहों असेंही म्हणत नाहीं. थंडी वाजावी किंवा भूक लागावी तसें तें आपोआप होत असतें. या अवस्थेला युरोपांत शास्त्रीय नांव मिळालें तें १६८८ सालीं. त्या वर्षीं बाझल येथें योहानेस होफर नांवाच्या तरुणानें वैद्यकाचा एक प्रबंध लिहिला आणि 'घरीं परतणें' व 'वेदना' अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टाल्जिया' हा शब्द बनविला. घरापासून दूर पडलेल्या माणसांची झोंप उडते, अन्नावरची वासना जाते, एकाच गोष्टीचा ध्यास लागतो, हें त्यानें नोंदविलें. खरा उपाय त्याच्या मतें एकच होता: रोग्याला घरीं पाठवावें.

हा उपाय कितपत लागू पडतो, तें आज पाहूं.

उपनगरांतील श्रोत्यांना हा प्रश्न परका नाहीं. परदेशीं जाणारीं विमानें सुटतात तो सहारचा तळ अंधेरीलाच आहे, आणि मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील कितीतरी घरांतला मुलगा किंवा मुलगी तेथूनच जर्मनीस, कॅनडास, अमेरिकेस गेलेली आहे. पण हीं मुलें ज्या घरांतून निघतात, तीं घरें तरी येथलीं केव्हांपासूनचीं? कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन या जुन्या रहिवाशांना वगळलें, तर उपनगरांत जो तो कोठून तरी आलेला. कोणी रत्नागिरीहून, कोणी कच्छांतून, कोणी फाळणीनंतर सिंधमधून. कोंकणचा चाकरमानी एका खोलींत आठ-दहा गांवकऱ्यांबरोबर राहिला, पण गणपतीला आणि शिमग्याला तो गांवीं जाऊन येई. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनीं धोबी तलावाच्या बाजूस गांवोगांवच्या 'कुडी' काढल्या. तेथें भिंतीशीं प्रत्येकाची ट्रंक, समोर गांवच्या संताची वेदी आणि रात्रीं सर्वांनीं मिळून म्हणावयाची प्रार्थना. मुलुंडच्या छावणींत उतरलेल्या सिंधी कुटुंबांना मात्र परतीची वाटच उरलेली नव्हती. तिन्ही तऱ्हांची माणसें पुढें मुंबईकर झालीं.

आजचा परदेशस्थ या सर्वांहून एका चमत्कारिक ठिकाणीं उभा आहे. वाट मोकळी आहे. पण पैसे असतात तेव्हां रजा नसते, रजा मिळते तेव्हां व्हिसाचे कागद अडकलेले असतात. बोरिवलीच्या रुग्णालयांत वडिलांचें अधिक झालें, तर टोरोंटोहून निघालेला मुलगा लवकरांत लवकर पोहोंचावयाचा तो दुसऱ्या दिवशीं. परत येतां येईल ही जाणीव सारखी सोबत असते, आणि नेमक्या वेळीं ती कामास येत नाहीं.

घरीं परतण्याच्या उपायाविषयीं सर्वांत बोधक हकीकत मला वाटते ती आपल्याच एका मराठी समाजाची, म्हणजे बेने इस्राएलांची. यांना कोंकणांत 'शनवार तेली' म्हणत. धंदा तेलाचा, आणि शनिवारीं घाणा बंद. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज येथें आले, अशी त्यांची परंपरा सांगते. गांवोगांवीं पसरले तशीं गांवांचीं नांवें त्यांना चिकटलीं: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहीमकर. पुढें ते मुंबईस आले. सॅम्युएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं तेथें प्रार्थनामंदिर बांधलें. मुलुंडची वेस ओलांडली कीं ठाणें. तेथलें त्यांचें मंदिर १८७९ चें. बोली मराठी, लुगडें मराठी, कीर्तनही मराठी, पण प्रार्थनेंत नांव शतकानुशतकें जेरुसलेमचें.

१९४८ सालीं इस्राएलचें राज्य स्थापन झालें आणि यांतील बरींच कुटुंबें तिकडे निघालीं. लक्षांत घ्या, हीं माणसें परदेशीं जात नव्हतीं. त्यांच्या समजुतीप्रमाणें तीं घरीं चाललीं होतीं. तेथें गेल्यावर त्यांना मुंबई आठवूं लागली. काम अंगमेहनतीचें, मुलूख रेताड, भाषा प्रार्थनेपुरती ठाऊक. आणि त्यांतून आपल्या रंगावरून आपल्याशीं भेद केला जातो ही त्यांची बोचरी तक्रार होती. कांहीं मंडळींनीं तेल अवीवला ठिय्या दिला: आम्हांला हिंदुस्थानांत परत पाठवा. अखेर १९५२ सालीं सुमारें दीडशें जणांना विमानानें मुंबईस आणून सोडण्यांत आलें.

होफरचा उपाय असा अक्षरशः अमलांत आला. आणि झालें काय? यांतील बहुतेकांनीं पुढें इस्राएलला पुन्हां जाऊं द्यावें म्हणून खटपट केली, आणि तीं गेलींही. चंचलपणा म्हणून याला हंसणें सोपें आहे. पण ज्यानें नोकरी सोडली, जागा सोडली, भांडींकुंडीं विकलीं, त्याला परतल्यावर जुनें गांव सांपडत नाहीं. त्याच्या जागेवर दुसरें कोणी बसलेलें असतें, शेजारीपाजारी त्याच्या नसण्याला सरावलेले असतात, आणि त्याचें स्वतःचें मनही दोन ठिकाणांची तुलना शिकून आलेलें असतें.

या हकीकतीचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाहीं, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. १९६० नंतर तिकडील धर्मपीठानें बेने इस्राएलांच्या इतर यहुद्यांशीं होणाऱ्या विवाहांविषयीं शंका काढल्या. वंशाची चौकशी करावी असे निर्बंध घातले. अपमान पहिल्याहून खोल होता. १९६४ च्या उन्हाळ्यांत हे लोक पुन्हां ठिय्या देऊन बसले, या वेळीं जेरुसलेमला. आतां मागणी निराळी होती. आम्ही येथलेच आहों, तेव्हां आमचा मान आम्हांला द्या, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याच वर्षीं सरकारनें हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें जाहीर केलें, आणि धर्मपीठाला आपला आदेश बदलावा लागला. बारा वर्षांपूर्वीं भांडण पाहुण्यांचें होतें. आतां तें घरच्या वाटेकऱ्यांचें झालें होतें. मन रुजलें कीं नाहीं हें ओळखण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाहीं.

रुजल्यानें त्यांचें मराठीपण पुसलें गेलें असेंही नाहीं. दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद या गांवीं हे लोक क्रिकेट खेळत राहिले. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं तेथून काढलें. आणि एलियाहू हन्नाबीच्या नांवानें पोहे, गूळ, ओलें खोबरें व फळें यांचा मलिदा ते तेथेंही करतात.

आतां आपल्या मुलांकडे वळूं. न करमण्याची वेळ बहुधा तिन्हीसांजेची असते. न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हां मुलुंडला पहाटेचे साडेचार किंवा, हिवाळ्यांत, साडेपांच वाजलेले असतात. म्हणजे नेमक्या ज्या घटकेला घरच्या माणसाची गरज, त्या घटकेला घर झोंपलेलें. दूरध्वनीवर आतां चेहराही दिसतो, ही केवढी सोय! तरी या घटकेला ती अपुरी पडते. चालत जातां येईल इतक्या अंतरावर एखादें माणूस असावें लागतें. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या तेव्हां पत्रानें उत्तर यावयास आठवडेच्या आठवडे लागत. पण न्यू जर्सींतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरांत त्यांना मावशी मिळाली होती. हें नातें वरवरचें नव्हतें. १८८७ सालीं आनंदीबाई पुण्यास वारल्या, त्यांच्या अस्थि त्या बाईंकडे पाठविण्यांत आल्या आणि त्यांनीं त्या आपल्या कुळाच्या दफनभूमींत ठेवल्या.

अशीं माणसें जोडण्यास महाराष्ट्र मंडळांचा उपयोग होतो. लंडनचें मंडळ १९३२ पासूनचें आहे; उत्तर अमेरिकेंतील मंडळांना जोडणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चें. मात्र माझें मत विचाराल तर नुसतें दिवाळीच्या जेवणाला जाणाऱ्याला मंडळ म्हणजे खानावळच. खुर्च्या मांडणारा, नाटकाच्या तालमीला चहा करणारा, नव्यानें उतरलेल्या विद्यार्थ्याला स्थानकावरून आणणारा, यांना तेथें लवकर करमूं लागतें. कारण त्यांच्यावांचून कोणाचें तरी अडूं लागलेलें असतें. हेंच गल्लींतील शेजाऱ्यांना लागू आहे. शेजारच्या म्हाताऱ्याच्या दारांतला बर्फ दोनदां काढला, कीं तो तिसऱ्या वेळीं नांवानें हांक मारतो.

येथें राहिलेल्या आईवडिलांना एक विनंति. "परत कधीं येणार?" हा प्रश्न मायेचाच आहे, पण आठवड्यांतून तीनदां विचारला कीं मुलाचें एक पाऊल कायम उंबऱ्यावर राहतें. त्याऐवजीं शेजारी कोण राहतें, भाजी कोठें मिळते, बसमध्यें रोज भेटणारी ती बाई काय म्हणते, हें विचारून पाहावें. आणि सामान बांधतांना गोडा मसाला, मेतकूट अवश्य द्यावें. पण बहुतेक विमानांत एका पेटीला तेवीस किलोंची मर्यादा असते, आणि डबे दोन महिन्यांत संपतात. सोबत कृति लिहून द्यावी, प्रमाणासकट. धने, तीळ, सुकें खोबरें बहुतेक ठिकाणीं मिळतें. दगडफूल मिळवावयास थोडी विचारपूस करावी लागते, आणि त्या निमित्तानें दोन दुकानदारांशीं ओळख होते.