पाण्यात घट्ट होणारा चुना

देवपूर आणि धुळे शहर यांच्यामधून पांझरा वाहते. या नदीने वरच्या अंगाला, साक्री तालुक्याकडे जात राहिले की पात्रात आडवे घातलेले जुने दगडी बंधारे दिसू लागतात. फड पद्धतीचे, म्हणजे गावाने मिळून पाटाचे पाणी वाटून घेण्याच्या रीतीचे, हे बंधारे काही शतके पुराचे लोंढे अंगावर घेत पाटाला पाणी देत आले. मूळ बांधकाम दगड आणि चुन्याचे. आजच्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे, म्हणजे बंधारे बांधणाऱ्यांना सिमेंट ठाऊकच नव्हते.

पण साधा शुद्ध चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. मग हे बंधारे टिकले कसे?

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीचा ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फुसफुसतो, तापतो, फुटून त्याचे पीठ होते. गवंडी जो विरवलेला चुना वापरतो तो हाच. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषतो आणि पुन्हा दगड होतो. हवा लागते ती इथेच. जाड बांधकामाच्या पोटात ती पोचायला वर्षानुवर्षे जातात, पाण्याखाली तर ती जवळजवळ पोचतच नाही.

रोमनांनी यावर तोड काढली ती ज्वालामुखीच्या राखेची. नेपल्सजवळच्या पोझुओली गावच्या राखेत काचेसारखी, स्फटिक न झालेली सिलिका असते. ती चुन्याशी पाण्यातच जुळते आणि जो चिवट पदार्थ तयार होतो त्याला हवेची गरज नसते. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने प्रमाणही लिहून ठेवले आहे: समुद्रातल्या कामाला एक भाग चुन्याला दोन भाग राख.

खानदेशही ज्वालामुखीचीच भूमी. तरी आपला काळा पाषाण कुटून चुन्यात घातला तर तो वाळूसारखा नुसता पडून राहतो. लाव्हा सावकाश थंड झाला आणि त्याची सिलिका स्फटिकांत बांधली गेली. राखेचे काम इथे भाजलेल्या मातीने केले. विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, पाण्यातल्या कामाच्या मालात घालायची ती याचसाठी. माफक आचेवर भाजलेली चिकणमाती चुन्याशी राखेसारखीच जुळते. राख नसेल तिथे रोमनही कौलांचा चुरा घालत.

याहून मोलाची गोष्ट जमिनीतच होती. धुळ्याच्या आसपास चुनखडीचे डोंगर नाहीत. काळ्या मातीत आणि नाल्यांच्या काठाने चुन्याचे ओबडधोबड खडे मिळतात, भट्टीत जायचे ते हेच. खड्यांमध्ये चिकणमाती मिसळलेली असते, त्यामुळे भाजतानाच चुना आणि मातीतली सिलिका एकमेकांशी जुळतात. असा चुना पाण्यातही धरतो. पांढराशुभ्र नसल्यामुळे तो कमअस्सल वाटतो, पण बंधाऱ्याला हाच हवा.

त्यानंतर माल मळायची घाणी. गोल दगडी चर, त्यात फिरणारे दगडी चाक, ओढायला बैल. चाकाखाली सुरखीचे कण चुरडतात, नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि चुना त्यांना जाऊन भिडतो. मालात गुळाचे पाणी किंवा बेलफळाचा गर घालण्याचीही रीत होती. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो.

घाणीत गाठी मोडायच्या, तर रोमन मालात पांढऱ्या गाठी तशाच सापडतात. नीट न मळल्याची ती खूण, असे बरेच दिवस मानले जाई. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाखवले की कळीचा चुना गरमागरम मिसळल्याने त्या उरतात. पुढे तडा गेला आणि पाणी शिरले की गाठीतला चुना विरघळून तड्यात उतरतो आणि तिथेच घट्ट होतो. प्रयोगात असे तडे दोन आठवड्यांत बुजले.

जुन्या चुन्याच्या कामावर सिमेंटचा लेप चढवलेला पाहिला की मला म्हणूनच वाईट वाटते. सिमेंट कडक असते, ओल बाहेर पडू देत नाही. दगड हलला की चुना थोडा वाकतो, सिमेंट तडकते. ओल आत कोंडते, क्षार सांध्यांत साठतात आणि लेपामागचा चुना भुगा होऊन गळू लागतो. सांधे पुन्हा भरायचे तर आधी गळून पडलेल्या मालाचा एखादा तुकडा उचलून व्हिनेगरमध्ये टाकावा. चुना फेसाळत विरघळतो, तळाशी वाळू उरते. त्या वाळूत लाल कण दिसले तर नव्या मालातही सुरखी घालायची.