वर्गातला 'गुन्हा' : मजा आली, पण मुलं शिकली का?

जीवशास्त्राच्या तासाला खोटा गुन्हा रचला की वर्ग जागा होतो, यात वाद नाही. पण जागा झालेला वर्ग शिकतो का? शिक्षणशास्त्रात संशोधन करणार असाल, तर तुमचा प्रश्न इथून सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. टेबलावर रक्ताचा नमुना (खरं रक्त नाही, कृत्रिम द्रावण) आणि चार संशयित. अँटी-ए टाकलं, काहीच झालं नाही. अँटी-बी टाकलं, गुठळ्या झाल्या. म्हणजे रक्तगट बी. संशयितांपैकी एकाचाच गट बी निघतो आणि मुलं ओरडतात, "सापडला!"

खरा धडा इथेच आहे बघा. बाकीचे तिघे सुटले, हे पक्कं. पण चौथा अडकला का? नाही. बी गटाची माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. न जुळणारा पुरावा माणसाला ठामपणे वगळतो. जुळणारा पुरावा फक्त शक्यता वाढवतो.

प्रत्यक्षातही असंच घडलंय. 1986 साली इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये 17 वर्षांच्या एका मुलाने खुनाची कबुली दिली होती. अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या तपासणीत त्याचा डीएनए जुळला नाही. म्हणजे या तंत्राने खरा खुनी पकडण्याआधी एक निर्दोष मुलगा सोडवला. खुन्याला शिक्षा झाली ती 1988 मध्ये.

आता तुमचं काम. "मजा आली का?" अशी प्रश्नावली पुरणार नाही. काही तुकड्या तपासातून शिकवा, काही नेहमीच्या प्रात्यक्षिकातून. कुठली तुकडी कशात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. शिक्षक आणि तास शक्यतो सारखेच ठेवा, नाहीतर फरक पद्धतीचा की शिक्षकाच्या उत्साहाचा, हे कळणार नाही. चाचणी आधी घ्या, नंतर घ्या आणि महिन्याभराने परत घ्या. तोवर नव्याची नवलाई ओसरलेली असते.

चाचणीत वर्गातलाच गुन्हा विचारू नका. नवा प्रश्न द्या : बाळाचा गट ओ, आईचा ओ. ए गटाचा माणूस बाळाचा बाप असू शकतो का? तो बाप आहेच, असं म्हणता येईल का?

पहिल्या उत्तरातून आनुवंशिकता कळली का ते दिसेल. दुसऱ्यातून पुराव्याचा विचार कळला का, ते. दोन्हींचे गुण वेगवेगळे मोजा. एकत्र केलेत, तर तुम्हाला जे शोधायचंय तेच बेरजेत हरवेल.