खोलीचं भाडं आणि विम्याची कात्री

पनवेलहून रोज लोकल नाहीतर द्रुतगती महामार्ग गाठणारे कितीतरी. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कवच देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्यांना खातं असलेल्या बँकेतच मिळते.

आरोग्य विम्यात मात्र बारीक अक्षरं वाचावीत. ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार असेल आणि रुग्णाने १० हजारांची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं बिल यांनाही निम्मी कात्री लागू शकते. औषधांना ती लागत नाही, एवढाच दिलासा!

हप्ता आटोक्यात ठेवायचा तर छोट्या मूळ पॉलिसीवर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेपुढचा खर्च उचलणारा जादा विमा, घेता येतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. नूतनीकरणाच्या पावतीवर तेवढं तपासावं.