वळिवाचा इशारा आणि पाचटाची आग

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीच्या शिवारात चैत्र-वैशाखात तुटलेल्या उसाचे वाळलेले पाचट आणि वळिवाची वादळे यांची गाठ पडते. वादळी ढगातून उतरणारा थंड वारा पावसाच्या आधीच येऊन पोहोचतो व वाऱ्याची दिशा क्षणात पालटते. अशा वेळी पाचटास लावलेली आग बांध ओलांडून शेजाऱ्याचा उभा ऊस गिळू शकते. म्हणून हवामान खात्याच्या जिल्हावार इशाऱ्यात कोल्हापुरास पिवळा, म्हणजे 'लक्ष ठेवा', वा नारिंगी, म्हणजे 'सज्ज राहा', असा रंग असल्यास शेतात काडी ओढू नये. पाचट मुळी जाळूच नये. सरीत पसरून पाणी द्यावे. ओल टिकते व कुजून खत होते. मेघगर्जना ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्यावा.