पुरेसा क्लच

टोयोटाची चौथ्या पिढीची सुप्रा 1993 साली आली तेव्हा तिच्या 2जेझेड-जीटीई इंजिनाची ताकद जपानमधल्या कागदपत्रांत 280 पीएस अशी नोंदलेली होती. त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसांतल्या समजुतीने तेवढीच मर्यादा मान्य केली होती. अमेरिकेत हेच इंजिन 320 अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो आणि बिडाचा भक्कम ब्लॉक. लवकरच ट्यूनिंगवाल्यांच्या लक्षात आले, की इंजिनाच्या पोटातल्या भागांना हात न लावता, दोन टर्बोंच्या जागी एक मोठा बसवून, इंधनाचा पुरवठा वाढवून आणि संगणकाचे गणित बदलून दुप्पट ताकद काढता येते. गेट्राग कंपनीचा सहा गिअरचा व्ही160 गिअरबॉक्सही ती पेलतो. पेलत नाही तो या दोघांच्या मधला क्लच. चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की टॅकोमीटरचा काटा झपाट्याने चढतो आणि गाडीचा वेग मात्र वाढत नाही. मग मालक बाजारात जातो आणि बहुतेक वेळा परवडेल तेवढा जास्तीत जास्त जोरदार क्लच घेऊन येतो. ही निवड चुकीची आहे असे मला ठामपणे वाटते. तापलेल्या अवस्थेतही इंजिनाचा टॉर्क घसरू देणार नाही असा जो सगळ्यात सौम्य क्लच असेल, तोच त्या गाडीचा योग्य क्लच. त्यापलीकडची पकड चालकाच्या पायाकडून, गिअरबॉक्सकडून आणि क्रँकशाफ्टकडून वसूल होते.

पहिली गफलत अश्वशक्तीपासून सुरू होते. क्लच ओळखतो तो टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार, त्यामुळे सारख्या ताकदीच्या दोन इंजिनांना अगदी निराळे क्लच लागू शकतात. होंडाच्या पहिल्या एस2000 मधले दोन लिटरचे इंजिन 8300 फेऱ्यांना 250 पीएस देत असे, पण त्याचा टॉर्क होता फक्त 218 न्यूटन मीटर. 2020 साली आलेल्या, नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारचे 2.2 लिटरचे डिझेल इंजिन जेमतेम 130 अश्वशक्तीचे, पण टॉर्क 300 न्यूटन मीटर, आणि तोही 1600 फेऱ्यांपासून. म्हणजे जवळजवळ निम्म्या ताकदीच्या थारला त्या स्पोर्ट्स कारपेक्षा दणकट क्लच लागतो. टर्बो लावलेल्या गाडीत हे आणखी महत्त्वाचे, कारण रीमॅप केल्यावर मधल्या फेऱ्यांचा टॉर्क कमाल अश्वशक्तीपेक्षा जास्त प्रमाणात उसळू शकतो. क्लच विकणाऱ्याने गाडी किती अश्वशक्तीची एवढेच विचारले, तर त्याचा सल्ला घेण्यात अर्थ नाही.

क्लच किती टॉर्क धरील, हे चार गोष्टी ठरवतात: घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, घासणाऱ्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. चारींचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. समजण्यासाठी सोयीचे आकडे घेऊ. क्लच प्लेटच्या अस्तराचा बाहेरचा व्यास 240 मिलिमीटर, आतला 160, म्हणजे सरासरी त्रिज्या 100 मिलिमीटर, दाब 10,000 न्यूटन, म्हणजे साधारण एक टन वजनाइतका, गुणांक 0.3, आणि एका प्लेटच्या दोन बाजू. गुणाकार येतो 600 न्यूटन मीटर. सुप्राच्या मूळ इंजिनाचा टॉर्क 430 च्या आसपास, म्हणजे अशा क्लचमध्ये सुमारे 40 टक्के राखीव क्षमता आहे. ही राखीव क्षमता चैन नाही. अस्तर झिजते, तापते, तेलकट होते, आणि गुणांक कधीच एका जागी थांबत नाही. या सूत्रात अस्तराचे क्षेत्रफळ कुठेच नाही, हेही नीट पाहावे. मोठा पट्टा म्हणजे जास्त पकड अशी सर्वसाधारण समजूत आहे. खरे तर क्षेत्रफळावर झीज आणि उष्णता वाटली जाणे अवलंबून असते. म्हणून तर चार किंवा सहा तुकडेच असलेली रेसिंगची प्लेट दिसायला उघडीबोडकी असूनही घट्ट धरते.

आता ट्यून केलेल्या सुप्राचा टॉर्क 700 न्यूटन मीटर झाला असे धरू. थोडी राखीव क्षमता ठेवायची तर क्लच 900 ते 950 चा हवा. पहिला मार्ग दाब वाढवण्याचा: प्रेशर प्लेटची स्प्रिंग दीडपट जड करायची. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विकला जाणारा मार्ग. पण पेडल दाबताना त्याच प्रमाणात वाढलेला जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकशाफ्टवर अक्षाच्या दिशेने येतो आणि तो झेलायला तिथे फक्त एक थ्रस्ट बेअरिंग असते. सकाळी पेडल दाबून गाडी सुरू करताना त्या बेअरिंगवर तेलाचा थर अजून तयार झालेला नसतो, तेव्हा हा भार सर्वांत वाईट. मित्सुबिशीच्या 4जी63 इंजिनाच्या काही आवृत्त्यांत क्रँकशाफ्ट पुढेमागे सरकण्याचा दोष कुप्रसिद्ध झाला. त्याच्या मूळ कारणाबद्दल जाणकारांत एकमत नाही, पण जड प्रेशर प्लेटने तो बळावतो असे मानणारे पुष्कळ आहेत. शिवाय घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये दर मिनिटाला पेडल दाबणाऱ्या डाव्या पायाचा विचार कुठल्याही जाहिरातीत नसतो. दुसरा मार्ग गुणांक वाढवण्याचा: ऑरगॅनिक अस्तराऐवजी धातू आणि सिरॅमिकच्या भुकटीपासून दाबून-भाजून केलेले सिंटर्ड तुकडे. ते उष्णता कितीतरी जास्त सोसतात, पेडल हलके राहते. पण पकड हळूहळू येत नाही, एकदम येते. हाफ क्लचवर गाडी थरथरते, झटके देते आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लवकर झिजतो. साध्या प्लेटमध्ये दोन अस्तरांच्या मधे लाटेसारखी वाकवलेली पातळ स्प्रिंग असते, तीच सुरुवातीची मऊ पकड देते. बहुतेक रेसिंग प्लेटांत ती काढून टाकलेली असते.

तिसरा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: बाजू वाढवायच्या. दोन प्लेटांच्या क्लचला चार घासणाऱ्या बाजू मिळतात. दाब तोच 10,000 न्यूटन, गुणांक तोच 0.3, आणि प्लेट मुद्दाम लहान घेतली, बाहेरून 200 मिलिमीटर आणि आतून 140, तरी क्षमता 1020 न्यूटन मीटर येते. पेडल मूळ गाडीसारखे, अस्तर मूळ गाडीसारखे आणि हवी ती क्षमता हातात. जाडी तीच ठेवली तर प्लेटचे जडत्व त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलते, म्हणून 200 मिलिमीटरच्या दोन प्लेटांचे मिळून जडत्व 240 च्या एका प्लेटइतकेच राहते. गिअर बदलताना सिंक्रोनायझरला हेच जडत्व थोपवावे लागते, त्यामुळे हा मुद्दा कागदी नाही. तोटे आहेत: किंमत बरीच जास्त, आणि मधली तरंगती प्लेट न्यूट्रलला खडखडते. स्प्रिंग नसलेला हब घेतला तर गिअरबॉक्सचाही आवाज वाढतो. पण या तोट्यांनी कान त्रासतात, यंत्र मोडत नाही.

उष्णतेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण धरून ठेवण्याची क्षमता आणि घसरणे सोसण्याची क्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. थांबलेली गाडी निघते तेव्हा क्लच घसरतच असतो. इंजिनाचे फेरे आणि टॉर्क स्थिर आहेत असे धरले, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. सुप्रासारख्या 1500 किलोच्या गाडीचा क्लच ताशी 40 किलोमीटर वेगाला पूर्ण पकडला, तर ही उष्णता सुमारे 93 किलोज्यूल होते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचे मिळून दहा किलो लोखंड तापत असेल, तर त्याचे सरासरी तापमान एका सुरुवातीला वीस अंशांनी वाढते. ऐकायला हे थोडे वाटते. पण घासणारा पृष्ठभाग त्या क्षणी याच्या कितीतरी पट तापलेला असतो आणि बंद बेलहाउसिंगमध्ये तो सावकाश निवतो; लागोपाठ पाच वेळा जोरात सुरुवात केली तर लोखंडच शंभर अंशांनी वर जाते. म्हणूनच फ्लायव्हील हलके करण्याच्या मोहाला मी जपून होकार देईन. इंजिन चपळ वाटते हे खरे, पण उष्णता साठवणारे लोखंडही तेवढेच कमी होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो पुढच्या सोयीचा: आज 700 आहे, उद्या 1000 होईल, मग आत्ताच मोठा क्लच का घेऊ नये? जिथे हे "उद्या" पक्के ठरलेले आहे तिथे जरूर घ्यावा. पण क्लचची जादा क्षमता गाडीत गुपचूप पडून राहत नाही. टायर, क्लच, गिअरबॉक्स आणि अॅक्सल या साखळीत अचानक धक्का बसला की सर्वांत कमकुवत कडी सुटते. क्लच क्षणभर घसरला तर तो घरातल्या फ्यूजसारखे काम करतो. तो घसरेनासा झाला की धक्का पुढे सरकतो. निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आर सारख्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हे स्पष्ट होते. फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत टायर फिरून धक्का विरून जातो. जीटी-आरची चारही चाके जमीन धरून ठेवतात, त्यामुळे घसरायला एक क्लचच उरतो. तोही रेसिंगचा बसवला की पाळी गिअरच्या दात्यांवर येते. पाचशे रुपयांचा फ्यूज वाचवून लाखाचे वायरिंग जाळावे तसा हा व्यवहार होतो.

दुसरा आक्षेप शर्यतीचा दाखला देतो. तिथले जाणकार सिंटर्ड आणि कार्बनच वापरतात, मग आपण का नाही? कारण त्यांची गाडी एका शर्यतीत मोजक्याच वेळा थांबलेल्या अवस्थेतून निघते आणि क्लच ठरावीक मुदतीने उघडून तपासला जातो. फॉर्म्युला वनच्या क्लचचा व्यास जेमतेम दहा सेंटिमीटर असतो, पण त्याच्यावर बाजारपेठेतल्या गर्दीतून तासभर सरकण्याची वेळ येत नाही. कार्बनचा गुणांक थंड असताना आणि तापल्यावर वेगळा असतो. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींसारख्या ठिकाणी तो शोभतो, रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत नाही. तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो: गुणांक इतका बदलता असेल तर वरच्या गुणाकारावर भरवसा किती ठेवायचा? पूर्ण नाही. पण त्याच्याशिवाय उरते ती "स्टेज वन", "स्टेज थ्री" अशी लेबले, आणि या लेबलांना सर्व उत्पादकांत समान असे कोणतेही प्रमाण नाही; एकाचा स्टेज टू दुसऱ्याच्या स्टेज वनपेक्षा कमी धरू शकतो. म्हणून उत्पादकाला न्यूटन मीटर विचारावेत, ते क्रँकशाफ्टपाशी की चाकांपाशी हेही विचारावे (मागच्या चाकांच्या गाडीत मधे साधारण पंधरा टक्के हरवतात), आणि नव्या की झिजलेल्या अवस्थेतले, हेही. सुरक्षेचा प्रश्न मात्र वाटाघाटीचा नाही. जास्त फेऱ्यांना बिडाचे फ्लायव्हील फुटू शकते आणि त्याचे तुकडे चालकाच्या पायांच्या दिशेने येतात. शर्यतीसाठी अमेरिकेतल्या एसएफआय या संस्थेचे 1.1 हे प्रमाणपत्र असलेले पोलादी फ्लायव्हील घेणे एवढाच त्यावर उपाय.

मोठ्या कंपन्यांकडे पाहिले तरी हाच विचार दिसतो. जपानची एक्सेडी रस्त्यावरच्या गाड्यांत कारखान्यातूनच बसवून येणारे क्लचही बनवते आणि शर्यतीचेही. तिची भारतीय शाखा छत्रपती संभाजीनगरात, जुन्या औरंगाबादेत, वर्षानुवर्षे क्लच तयार करते आहे. अशा कंपनीच्या यादीत जड स्प्रिंगची ऑरगॅनिक प्लेट, सिंटर्ड प्लेट आणि दोन-तीन प्लेटांचे संच वेगवेगळ्या वापरासाठी शेजारी शेजारी ठेवलेले असतात, सगळ्यांसाठी एकच महाबली क्लच नसतो.

निवड झाल्यावरही अर्धे काम उरते. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग नवा किंवा घासून सपाट केलेला हवा, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग त्याच वेळी बदलावे, मागच्या ऑइल सीलमधून गळती नाही ना ते पाहावे, आणि पेडलला थोडी मोकळी चाल ठेवावी, नाहीतर नवा क्लच पहिल्या दिवसापासून किंचित दाबलेलाच राहतो. मग अस्तर बसण्याचा काळ येतो. साधारण 800 किलोमीटर शहरात, थांबत-निघत, पूर्ण टॉर्क न देता गाडी चालवावी, असे बहुतेक उत्पादक सांगतात. एक्स्प्रेसवेवरचे किलोमीटर या हिशेबात धरत नाहीत, कारण तिथे क्लच तासन्‌तास जोडलेलाच असतो आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासतच नाहीत.