पन्नाशीत नवी वाट: लक्ष्मीबाई टिळकांकडून काय शिकावं?

आजचा विषय आहे मध्यम वयात काम बदलणं. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात वीस-पंचवीस वर्षं काढली, आणि एक दिवस विभागच बंद झाला. मुलांची शिक्षणं व्हायची आहेत, घराचे हप्ते चालू आहेत. अशा वेळी आपण प्रार्थना करतो, पण चर्चमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला काही सांगत नाही. का? तर लाज वाटते. या लाजेबद्दलच आज बोलू.

नाशिककरांना यासाठी दूर जायची गरज नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली इथे जवळच जलालपूरला झाला आणि १९३६ साली त्या नाशिकमध्येच वारल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टिळकांनी श्रद्धेपोटी मोठे निर्णय घेतले. १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. पण त्यांच्या निर्णयांचा भार घराने उचलला, आणि 'स्मृतिचित्रे' वाचताना तो जाणवतो. म्हणून 'देवाने बोलावलं' असं वाटलं, तर आधी घरच्यांसमोर ते बोला. किती महिन्यांचा खर्च हाताशी आहे, हे दोघांनी बसून कागदावर मांडा. असा हिशोब केला म्हणजे विश्वास कमी पडला, असं होत नाही.

१९१९ मध्ये टिळक गेले. पन्नाशीच्या लक्ष्मीबाई मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रन झाल्या. ते काम टिकलं नाही, पैशांची ओढाताण झाली, आणि पुढे कुटुंब कराचीला गेलं. आता बघा, हाच टप्पा आपण विसरतो. काम बदलल्यावर पहिलंच काम जमलं नाही, की आपण म्हणतो, 'देवाची इच्छा नव्हती, आता काही होणार नाही.' लक्ष्मीबाईंची कथा तिथे थांबली नाही.

त्यांच्याकडे एक गोष्ट आधीपासून होती, ती म्हणजे माणसं आणि प्रसंग जसेच्या तसे, हसत-हसत सांगण्याची हातोटी. घरच्यांनी ती ओळखली. मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्याने आईला आठवणी लिहायला सांगितल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' उभं राहिलं आणि १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत निघालं. टिळकांचं अपुरं 'ख्रिस्तायन' हे काव्यही त्यांनीच पुढे नेलं. त्यात त्यांनी चौसष्ट अध्यायांची भर घातली.

आपण सगळे लेखक होणार नाही, हे उघड आहे. मुद्दा वेगळा आहे. आपल्या हातात काय आहे, हे बऱ्याचदा दुसऱ्यालाच आधी दिसतं. 'नेटवर्किंग' हा शब्द ऐकला की आपल्याला व्हिजिटिंग कार्डं वाटणं आठवतं. साध्या मराठीत तो ओळखी जपण्याचा आणि गरज पडली की तोंड उघडण्याचा प्रकार आहे.

पवित्र शास्त्रातही तो दिसतो. पौल यरुशलेमेत आला तेव्हा शिष्य त्याला घाबरत होते. बर्णबाने पुढे होऊन त्याची खात्री दिली. पुढे करिंथमध्ये पौलाला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला भेटले. तेही तंबू करणारे, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. एवढा मोठा प्रेषित, पण ओळख आणि आसरा घेताना त्याला कमीपणा वाटला नाही.

समाजशास्त्रही याला दुजोरा देतं. अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांचा अभ्यास करून १९७३ मध्ये तो मांडला. अशांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळली. कारण सरळ आहे: रोजच्या मित्रांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. जुना सहकारी किंवा दुसऱ्या मंडळीतला ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, तिथली बातमी त्याच्याकडे असते.

मग करायचं काय? आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

एक, दोन-तीन वर्षांत न भेटलेल्या वीस माणसांची नावं लिहा आणि आठवड्याला तिघांना फोन करा.

दोन, 'माझ्यासाठी नोकरी आहे का?' असं विचारू नका. त्याला 'नाही' म्हणावं लागतं आणि बोलणं तिथेच संपतं. 'तुमच्या क्षेत्रात माझ्यासारख्याला काय शिकावं लागेल? आणखी कोणाशी बोलू?' असं विचारा.

तीन, तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या तिघांना विचारा, 'मी कोणतं काम सहज करतो?' उत्तर ऐकून नवल वाटेल. यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाला कळेल, की नव्या पोरांना शिकवण्यात त्याचा हात कोणी धरत नाही.

आणि मंडळीतल्या, ज्यांची नोकरी नीट चालू आहे, अशा भावा-बहिणींना एक विनंती. चर्च म्हणजे रोजगार कार्यालय नाही, हे मान्य. पण उपासनेनंतर चहाच्या वेळी 'काम कसं चाललंय?' एवढं विचारून थांबा आणि उत्तर ऐका. बर्णबाने पौलाला पैसे दिल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याने आपला शब्द दिला. तेवढं आपल्यातल्या प्रत्येकाला जमतं.

श्रद्धा नोकरीची हमी देत नाही, आणि आम्हीही देत नाही. ती एवढंच सांगते, की आपली किंमत पदावर ठरलेली नाही. हे मनात पक्कं झालं, की फोन उचलताना हात थोडा कमी थरथरतो.