डिचोलीच्या जमिनी : सारवणापासून व्हिनाईलपर्यंत

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादींत सामील झालेल्या डिचोली महालावर कोणाचा अंमल केव्हा बसला आणि केव्हा उठला, याचे दाखले दप्तरांतून मिळतात. परंतु या महालातील माणसे ज्या जमिनीवर पाट मांडून जेवली, तिचे रूप कसकसे पालटत गेले, याची नोंद ठेवण्याची तसदी कोणता दप्तरदार घेणार?

जांभ्या चिऱ्यांचे जोते, त्यात भरलेली व पाणी शिंपून चोपून घट्ट केलेली तांबडी माती आणि तिच्यावर शेणाचे सारवण, अशी ही जुनी घडण होती. पावसाळ्यात खालून वर चढणारी ओल या सारवणातून हलकेच निघून जाई, हा तिचा गुण; आणि ते सारवण वरचेवर नवे करावे लागे, हा तिचा जाच. त्या जमिनीच्या गारव्याचे आज जे सद्गदित वर्णन करतात, त्यांनी ती स्वतःच्या हाताने क्वचितच सारवलेली असते. तो भार घरच्या स्त्रियांच्या मनगटांवर व कंबरेवर होता.

१९५० च्या सुमारास या भागात लोहखनिजाच्या खाणींनी जोर धरला, १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि रोकड व सिमेंट ही दोन्ही हाताशी येत गेली तसतसा सारवणाच्या जागी तांबडा कोबा, कोब्याच्या जागी मोझॅइक आणि त्यानंतर मोरबीच्या गुळगुळीत लाद्या, असा क्रम घरोघर लागला. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मधल्या काळात काही सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा जुना कोबा फोडून नवी लादी घालण्याचा बेत ज्यांना तहकूब करावा लागला, त्यांच्या दृष्टीस मागच्या बाजूस गोंद असलेली व्हिनाईलची लादी पडली, तर त्यात नवल नाही.

ही वस्तू नवीन नव्हे. वॉल्डो सेमन या अमेरिकन रसायनज्ञाने १९२६ साली पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती शोधली, आणि १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात व्हिनाईलच्या लाद्या लोकांसमोर आल्या. पाठीवरचा कागद सोलावा, खोलीच्या मध्यावर दोरीने आखलेल्या रेषेपासून चिकटवीत जावे, भिंतीकडचा तुकडा सुरीने कापावा, इतकी ही कृती सोपी असल्यामुळे गवंड्याची मजुरी वाचते. बारा इंची लाद्या घेतल्यास दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीस एकशेवीस लागतात. कापण्यात वाया जाणाऱ्या धरून बारा-पंधरा अधिक घ्याव्या.

तथापि, जी ओल शेणाचे सारवण सोडून देत असे, तिला व्हिनाईल अडवून धरते. जुन्या घरांच्या जोत्यांत ओल रोखणारा थर बहुधा नसतो. म्हणून कोंडलेली ओल गोंद निकामी करते आणि लाद्यांच्या कडा उचलू लागतात. त्यातच चतुर्थीला घर सजलेले असावे, या स्वाभाविक हौसेपायी हे काम श्रावणात, म्हणजे जमीन सर्वाधिक ओली असताना, उरकले जाते आणि मग दोष लादीच्या माथी मारला जातो. कोब्यावर वर्षानुवर्षे घासलेले मेण आधी खरवडून न काढल्यासही गोंद धरत नाही. माझ्या मते माडीवरच्या खोलीस ही लादी निःशंक वापरावी, तळमजल्यावर परीक्षेनंतरच, आणि न्हाणीघरात मुळीच नाही.

परीक्षेला खर्च नाही. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी जमिनीस चिकटवून दोन-तीन दिवस ठेवावा. खालच्या बाजूस घाम धरला, तर जमीन अद्याप तयार नाही असे समजावे. चतुर्थीसाठी लाद्या घालावयाच्या असतील, तर त्या एप्रिल-मे महिन्यांतच घालून घ्याव्या.